वाचकांचे प्रश्न : शिल्प मांडावे की छायाचित्र?

प्रश्न : मी कोणत्याही कलामहाविद्यालयात शिकलेली नाही. माडाची पोय (फुलोऱ्यावरचे कवच), करवंट्या, रानवेली आणि नदीकाठी वाहून आलेली लाकडे यांची शिल्पे करते व त्यांची छायाचित्रे काढते. पावसाळ्यात शिल्पांना बुरशी येते आणि हाती छायाचित्रेच उरतात. प्रदर्शनात नेमके काय मांडावे? पदवी नसल्याचे लिहावे का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : पदवीचा प्रश्न आधी निकालात काढू. चंदीगडचे रॉक गार्डन उभारणारे नेकचंद हे रस्ते-बांधकामावरील निरीक्षक होते. आपल्या परिचयात ‘स्वशिक्षित’ असे एकदा लिहावे आणि उरलेली जागा साहित्य व कामाची पद्धत सांगण्यासाठी ठेवावी.

खरा प्रश्न दुसरा आहे. शिल्प टिकवायचे की नाही, हे बुरशी येण्यापूर्वी, काम हाती घेतानाच ठरवावे. गोव्यात चवथीला गणपतीच्या वर टांगली जाणारी माटोळी रानातल्या फळाफुलांनी सजते आणि सण सरल्यावर उतरवली जाते. म्हणून तिला कोणी अपुरी कला म्हणत नाही. ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्डस्वर्दी यांची पाने, बर्फ व काटक्यांची कितीतरी कामे आज छायाचित्रांतूनच पाहता येतात. आपले काम या जातीचे असेल, तर छायाचित्र हीच कलाकृती समजावी आणि तिच्यासाठी शिल्पाइतकीच मेहनत घ्यावी. पोयीच्या आतल्या उभ्या रेषा दुपारच्या उन्हात सपाट दिसतात. सकाळचा तिरपा प्रकाश पडला की त्या उठून येतात. ओल्या करवंटीला मात्र ढगाळ दिवसच मानवतो, कारण उन्हात तिच्यावर नुसती चकाकी दिसते. कुजण्याचे टप्पेही एकाच जागेवरून टिपावेत. माझ्या मते आपल्या कामातला सर्वांत वेगळा भाग तोच ठरेल. छायाचित्रे स्वतःच काढावीत. मित्राने विनामोबदला काढलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क, वेगळा लेखी करार नसल्यास, १९५७ च्या कायद्यानुसार सामान्यतः त्या मित्राचा असतो.

जी लाकडे टिकवायची असतील, ती खाऱ्या पाण्यातली असल्यास पाणी बदलत गोड्या पाण्यात भिजवून क्षार काढावेत, सावलीत पूर्ण वाळवावीत आणि मग बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाचा हात द्यावा. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, त्यामुळे असे शिल्प घरातच ठेवावे. पुढे किनाऱ्यावरचे साहित्य वापरणार असाल, तर प्रवाळ उचलू नये. त्याला आणि काही जातींच्या शंखशिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.