दाढेच्या दुखण्याने गाल सुजला आहे. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी भागेल का?

बहुतेक वेळा नाही. गोळ्यांनी सूज उतरते, ठणका थांबतो आणि माणूस दवाखाना टाळतो. पण किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू तसाच राहतो आणि काही दिवसांनी पुन्हा उसळतो. दाढेच्या आतल्या मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध तिथवर पोचतच नाही. खरा उपाय म्हणजे पू बाहेर काढणे आणि रूट कॅनाल करणे किंवा दाढ काढणे. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर जोडीला अँटिबायोटिक लागते. ते डॉक्टरच ठरवतील. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

सूज कुठे आहे यावरून बरेच कळते. वरच्या सुळ्याचा संसर्ग नाकाच्या बाजूला, डोळ्याखाली चढतो. सकाळी पापणी फुगून डोळा उघडत नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळे खोलवर असतात, म्हणून त्यांचा पू जबड्याखाली, मानेकडे उतरतो. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

तोंड दोन बोटेही उघडत नसेल, जीभ वर उचलली गेली असेल, थुंकी गिळता येत नसेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज असेल, तर ही लुडविग्ज अँजायना, म्हणजे जिभेखाली आणि हनुवटीखाली झपाट्याने पसरणारा संसर्ग, असू शकते. यात काही तासांत श्वासनलिका दाबली जाते. अशा वेळी दंतवैद्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. डोळ्याभोवती सूज येऊन दिसायला अंधुक झाले तरी तेच करा.