त्याच आवृत्ती क्रमांकाने पॅकेज पुन्हा अपलोड करता येईल का?

तुमच्या पायथन पॅकेजची १.४.० ही आवृत्ती प्रकाशित केल्यावर लक्षात आलं की टेम्प्लेटच्या फाइल्स पॅकेजमध्ये गेल्याच नाहीत. आता ती डिलीट करून त्याच क्रमांकाने पुन्हा अपलोड करता येईल का, हा तुमचा प्रश्न. नाही येणार. पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) एकदा वापरलेलं फाइलचं नाव, फाइल डिलीट केली तरी, परत वापरता येत नाही. नियम योग्यच आहे. कोणीतरी ती फाइल घेऊन तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आपल्या लॉक फाइलमध्ये, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत, नोंदवलेला असतो; त्याच नावाखाली उद्या वेगळं काही आलं तर त्याने भरवसा कशावर ठेवायचा?

तेव्हा दुरुस्ती करून १.४.१ काढा आणि १.४.० डिलीट न करता 'यँक' करा, म्हणजे मागे घेतल्याची खूण करा. २०१९ च्या पेप ५९२ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावामधली ही सोय. यँक केलेली आवृत्ती पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमकी १.४.० च मागितली आहे त्यांना ती मिळत राहते, सोबत इशारा दिसतो. डिलीट केलीत तर त्यांचं बिल्ड विनाकारण मोडेल. यँक करताना कारण लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका.

आता मूळ दुखणं. टेस्ट सगळ्या पास झाल्या, कारण त्या सोर्स फोल्डरमध्ये चालल्या आणि तिथे टेम्प्लेट जागेवरच होत्या. वापरणाऱ्याच्या हाती मात्र तुमची रिपॉझिटरी (सोर्स कोडचा साठा) नाही, व्हील, म्हणजे इन्स्टॉलसाठी तयार बांधलेली फाइल, पडतं. तपासायचं ते व्हील. आधी जुना डिस्ट फोल्डर (बिल्डमधून तयार झालेल्या फाइल्सचा) पुसा, नाहीतर मागच्या फाइल्सही अपलोडच्या वाटेला लागतात. व्हील म्हणजे झिपच. उघडून आतली यादी वाचा. मग रिपॉझिटरीच्या बाहेर, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या स्वतंत्र, वेगळ्या जागेत) ते इन्स्टॉल करा आणि टेम्प्लेट लागणारं एखादं फंक्शन खरोखर चालवा. नुसतं इम्पोर्ट होणं पुरेसं नाही, तुमच्या १.४.० चंही इम्पोर्ट होतच असणार. आणखी एक: कोणताही पर्याय न देता बिल्ड चालवलं की आधी एसडिस्ट (सोर्स कोडचं पॅकेज) बनतं आणि त्यातूनच व्हील. एसडिस्टमध्ये जी फाइल नाही ती व्हीलमध्येही येत नाही, म्हणून शोध तिथून सुरू करा.

टेस्ट पायपीआयवर (सरावासाठीच्या वेगळ्या पायपीआयवर) सराव जरूर करा, पण तिथून इन्स्टॉल करताना डिपेन्डन्सी, म्हणजे तुमच्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस, वगळा. तिथे ओळखीच्या नावाखाली कोणीही काहीही टाकलेलं असू शकतं. बदल मोठा असेल तर आधी आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती) काढा. स्थिर आवृत्ती उपलब्ध असताना पिप आरसी मागितल्याशिवाय देत नाही, त्यामुळे चाचणीला तयार असलेल्यांपर्यंतच पोचते.

अपलोड हाताने करण्यापेक्षा ट्रस्टेड पब्लिशिंग लावून घ्या. २०२३ पासून ते पायपीआयवर आहे. सीआयला (टेस्ट आणि बिल्ड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेला) त्या वेळेपुरतं, १५ मिनिटं चालणारं टोकन मिळतं, कायमचं गुपित कुठे साठवावं लागत नाही. फक्त वर सांगितलेली व्हीलची तपासणी त्याच वर्कफ्लोमध्ये अपलोडच्या आधीची पायरी म्हणून टाका, आणि ती फसली तर पुढे जाऊच देऊ नका.