बहिणीच्या लग्नाला या, पण नऊच दिवस

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, धायरीत आई-बाबांबरोबर राहतो. चाकणच्या एका कंपनीत तीन वर्षं डिझाइन इंजिनिअर आहे, पगार महिना १ लाख २० हजार. आता जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी मिळाली आहे. १९ सप्टेंबर २०२५ला निघतो, १ ऑक्टोबरला रुजू होईन. फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला १२ दिवस यायचा विचार आहे. बाबा म्हणतात, देश सोडला की इथला टॅक्स संपला. मित्र म्हणतो, दोन्हीकडे भरावा लागेल. खरं काय?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मी आधी कॅलेंडर उघडलं. १ एप्रिल ते १९ सप्टेंबर हे झाले १७२ दिवस. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो अनिवासी ठरतो आणि त्याचा तिकडचा पगार इथे करपात्र होत नाही. तुम्ही १२ दिवस आलात की बेरीज १८४ होते. म्हणजे निवासी! मग ऑक्टोबर ते मार्चचा जर्मन पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागेल.

तुमचे बाबा आणि मित्र, दोघंही अर्धे बरोबर आहेत. भारत-जर्मनी करारामुळे एकाच उत्पन्नावर दोनदा पूर्ण कर बसत नाही. फॉर्म ६७ भरून तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. पण ती फक्त आयकराची. तिकडच्या पगारातून पेन्शन, आरोग्यविमा असं बरंच कापलं जातं, ते यात धरत नाहीत. शिवाय तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२५मध्ये तुमची नोकरी तीनच महिन्यांची, त्यामुळे तिथे रिटर्न भरल्यावर काही कर परत मिळू शकतो, आणि जेवढा परत मिळेल तेवढी इथली वजावट कमी होते. उरलेला फरक इथे खिशातून भरायचा. शिवाय तिथलं बँक खातंही इथल्या रिटर्नमध्ये जाहीर करावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : नऊ दिवस या. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं त्यात नीट बसतं. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजायचा, आणि मोजायचा तो पासपोर्टवरच्या शिक्क्यानुसार. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. धायरीतून संध्याकाळी निघालात तरी शिक्का कोणत्या तारखेचा पडला ते पाहा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

एप्रिल ते सप्टेंबरचा इथला पगार मात्र करपात्र आहेच. ‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे आपण सगळे ऐकतो, पण ती सूट कलम ८७अ ची, आणि ती अनिवासींना नाही. साडेपाच महिन्यांचे ६ लाख ६० हजार धरले, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, तर नव्या करपद्धतीत ९,६२० रुपये कर येतो. कंपनीने वर्षभराच्या पगाराच्या अंदाजाने जास्त टीडीएस कापला असेल, तर तो रिफंड मिळेल. जुलै २०२६मध्ये रिटर्न भरायला विसरू नका. पीएफ तूर्त काढू नका, पाच वर्षं पूर्ण नसल्याने त्यावर कर बसेल. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या.

आता जर्मनीतलं. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंदणीत धर्म विचारतात, कारण चर्चच्या सदस्यांकडून तिथे चर्चचा कर घेतात. तुम्ही सदस्य नसाल तर तसं सांगा. त्यानंतर ११ अंकी टॅक्स आयडी पोस्टाने घरी येतो.

टॅक्स आयडीच्या या पत्रापायी माझ्या भाच्याला फार त्रास झाला. तो दोघांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा आणि खालच्या पत्रपेटीवर त्या दोघांचीच नावं होती. पोस्टमनने पत्र परत नेलं. आयडी नाही म्हणून पहिला पगार सहाव्या करवर्गाने कापला गेला. तो सर्वांत जड, एकट्या माणसाला खरं तर पहिला वर्ग लागतो. त्याने मला पगारपत्रकाचा फोटो पाठवला, करवर्गाच्या रकान्यात ‘६’ छापलेला. ‘मावशी, भाडं कसं भरू?’ एवढंच खाली लिहिलं होतं. पैसे पुढे परत आले, पण तो महिना उधारीवर गेला.

इथल्या जानेवारी ते सप्टेंबरच्या पगारपावत्या सोबत न्या. त्या पगारावर जर्मनी कर घेत नाही, पण तुमच्या पगाराला कोणता दर लागायचा हे ठरवताना तो धरते, म्हणून तिथल्या रिटर्नमध्ये तो दाखवावा लागतो. आणि किल्ली हातात पडेल त्याच दिवशी पत्रपेटीवर आडनावाची चिठ्ठी चिकटवा, पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच.