थंडरबर्ड या ईमेल कार्यक्रमाची नवी आवृत्ती घेतल्यापासून तो अतिशय मंद चालतो. काढून पुन्हा बसवला तरी फरक नाही. काय करावे?

आपण दिलेला तपशील असा आहे: विंडोज १० चा संगणक, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, पॉप पद्धतीचे (पत्रे सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवून घेणारे) एकच खाते. अपग्रेडनंतर थंडरबर्ड उघडायला दोन-तीन मिनिटे लागतात, मेल लिहिताना अक्षरे मागाहून उमटतात, आणि दोनदा अनइन्स्टॉल करून पुन्हा बसवल्यावरही परिस्थिती तशीच आहे. निदानाच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे. अनइन्स्टॉल केल्याने ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला कार्यक्रम निघून जातो, आपली पत्रे, पत्ते, सेटिंग आणि अ‍ॅड-ऑन (थंडरबर्डला वरून जोडलेल्या जास्तीच्या सुविधा) ज्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात त्याला मात्र हात लागत नाही, कारण ते ‘अ‍ॅपडेटा’च्या आत ‘रोमिंग’मध्ये वेगळे ठेवलेले असते. म्हणजे आपण दोनदा घर झाडले, पण माळ्यावरची अडगळ जिथल्या तिथे राहिली. तिसऱ्यांदा बसवण्यात वेळ घालवू नये.

मोठ्या अपग्रेडनंतर थंडरबर्ड पडद्यामागे काय करत असतो ते आधी पाहू. शोधपेटीत शब्द टाकताच सर्व फोल्डरांतली पत्रे सापडावीत म्हणून तो सगळ्या पत्रांचा एक इंडेक्स ठेवतो, आणि तो प्रोफाइलमधल्या ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ या नावाच्या एका फाइलीत असतो. नव्या आवृत्तीत या फाइलीची रचना बदललेली असेल, तर जुना इंडेक्स टाकून देऊन पहिल्या पत्रापासून नवा बांधायला घेतला जातो. हे काम संगणक मोकळा असताना जास्त वेगाने आणि आपण काम करत असताना हळू चालते; त्यामुळे जो संगणक सकाळी सुरू होऊन संध्याकाळी बंद होतो आणि दिवसभर वापरात असतो, त्यावर ते आठवडाभरही रेंगाळू शकते. ‘टूल्स’ यादीतील ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर’ उघडून तेथे इंडेक्सिंगची ओळ दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर एक रात्र संगणक, थंडरबर्ड उघडा ठेवून, चालूच ठेवावा आणि त्या रात्रीपुरता स्लीप बंद करावा. अनेकांची तक्रार एवढ्यानेच मिटते, आणि मिटल्यावर ते श्रेय शेवटी केलेल्या भलत्याच उपायाला देतात.

आपल्या बाबतीत मात्र एवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयातील पाच संगणकांची देखभाल पाहतो. तिथे ऐन जुलैमध्ये, विवरणपत्रांची मुदत तोंडावर आलेली असताना, हुबेहूब अशीच तक्रार आली होती. मी टास्क मॅनेजर उघडला तेव्हा प्रोसेसर जवळजवळ निवांत होता, पण डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत होते. मग ‘रिसोर्स मॉनिटर’मधील डिस्कचा भाग उघडला, कारण कोणता कार्यक्रम नेमकी कोणती फाइल वाचत आहे हे तिथे ओळीओळीने दिसते. ‘इनबॉक्स’ या एकाच फाइलीच्या दोन ओळी एकाखाली एक होत्या: एक थंडरबर्डची, दुसरी अँटिव्हायरसची. त्या फाइलीचा आकार ९ जीबीच्या वर गेला होता.

त्या संगणकावर बसणाऱ्या बाईंना ते खरे वाटेना. “मी रोज संध्याकाळी मोठी मेल्स डिलीट करते, कचरापेटीही रिकामी करते,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. अडचण थंडरबर्डच्या साठवणीच्या पद्धतीत आहे. नेहमीच्या मांडणीत एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहिलेली असतात. पत्र डिलीट केले की त्याची प्रत कचरापेटीच्या फाइलीत जाते आणि इनबॉक्सच्या फाइलीतल्या मूळ मजकुरावर ‘हे काढलेले आहे’ अशी केवळ खूण होते. मजकूर तिथेच राहतो. कचरापेटी रिकामी केल्याने फक्त कचरापेटीची फाइल रिकामी होते. खूण केलेला मजकूर खरोखर काढून टाकण्याच्या क्रियेला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. ते करायचे का, असे विचारणारी चौकट त्या बाई, कामात खोळंबा नको म्हणून, रोज बंद करत आल्या होत्या. त्यात अँटिव्हायरसला ही सगळी पत्रे म्हणजे एकच फाइल दिसते. एक नवे पत्र आले तरी फाइल बदलली असे समजून तो ती पुन्हा तपासू लागतो. इंडेक्ससाठी थंडरबर्ड तीच फाइल सारखी उघडत होता आणि अँटिव्हायरस त्याच्या मागोमाग धावत होता. अपग्रेडच्या आधीही अडगळ होतीच, इंडेक्सिंगने तिला फक्त हात घातला.

तेव्हा आपण या क्रमाने जावे. ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर प्रोफाइल फोल्डर उघडण्याचे बटण आहे. तेथून जागा पाहून घ्यावी, थंडरबर्ड पूर्ण बंद करावा आणि ते संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. पॉप खात्याची पत्रे बहुधा फक्त आपल्याच संगणकावर असतात, म्हणून ही पायरी गाळू नये. त्यानंतर ‘फाइल’ यादीतून फोल्डर कॉम्पॅक्ट करावेत. या कामात आधी नवी प्रत लिहिली जाते आणि मग जुनी काढली जाते, त्यामुळे डिस्कवर निदान सर्वांत मोठ्या फोल्डरएवढी जागा मोकळी हवी, आणि मध्येच कंटाळून संगणक बंद करू नये. आमची ९ जीबीची फाइल २ जीबीच्या थोडी वर येऊन थांबली. पुढे अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल फोल्डरला अपवाद म्हणून नोंदवावे. एखादी जोडफाइल आपण डिस्कवर उतरवून घेतली की तिची तपासणी तरीही होतेच. कार्यालयात संगणकांसाठी कोणी जबाबदार असेल तर हा अपवाद त्यांना विचारूनच करावा.

एवढे करूनही मंदपणा राहिला तर शिफ्ट कळ दाबून ठेवून थंडरबर्ड सुरू करावा, म्हणजे तो अ‍ॅड-ऑन बाजूला ठेवून चालू होतो. तसा तो चपळ वाटला तर अ‍ॅड-ऑन एकेक करून बंद करत जावे. जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत पडद्याची मांडणी मोठ्या प्रमाणात नव्याने लिहिली गेली, आणि तिच्या आधीच्या काळातली अ‍ॅड-ऑन ओढत आणलेली असतील तर संशय प्रथम त्यांच्यावर घ्यावा. एखादे ठरावीक फोल्डरच उघडायला वेळ लागत असेल तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे.

जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याचा मोह मात्र आवरावा. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा उघडू देत नाही आणि नवे प्रोफाइल करण्यास सांगते. ते रिकामे प्रोफाइल पाहून आपली पत्रे गेली असे समजून लोक घाबरतात. ‘संगणक वेगवान करा’ म्हणणारी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारी सॉफ्टवेअरे तर या प्रकरणात अजिबात आणू नयेत. एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने वेग निश्चित वाढेल, पण ती कॉम्पॅक्ट केल्यानंतर बसवावी, नाहीतर आपण तीच अडगळ नव्या माळ्यावर चढवाल.

राहता राहिला टाइप करतानाचा अडथळा. तो सतत आहे की थोड्या-थोड्या वेळाने एकदा येतो, हे आपण लिहिलेले नाही. ठरावीक अंतराने येत असेल तर ‘कंपोझिशन’ सेटिंगमधील मसुदा आपोआप जतन करण्याची मिनिटे वाढवून पाहावी, कारण जोडफाइलीसह मसुदा पुन्हा लिहिला जात असताना मंद डिस्कवर बोटे पुढे आणि अक्षरे मागे असे होते. सतत येत असेल तर रिसोर्स मॉनिटरमध्ये त्या वेळी सर्वांत वर कोणत्या फाइलीचे नाव दिसते ते येथे लिहावे, त्यावरून पुढचे सांगता येईल.