गिटार नसलेल्या ट्रिओने गिटारवादकाच्या रचना कशा वाजवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पियानो, बास आणि ड्रम्स असा तुमचा ट्रिओ आहे. एका आवडत्या गिटारवादकाच्या रचनांवर अख्खा कार्यक्रम करायचा आहे. जसंच्या तसं वाजवलं तर नक्कल होते आणि बदललं तर लोक म्हणणार, मूळ रचनेची वाट लावली. मग करायचं काय?

मी आमच्या ट्रिओत डबल बास वाजवतो. आम्ही वर्षभर वेस माँटगोमरी या अमेरिकन जॅझ गिटारवादकाच्या रचनांमागे होतो. तुमचा गिटारवादक कोण ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी आपला वेसवरूनच बोलतो. नाव बदललं तरी अडचणी बहुतेक याच येतील.

आधी आमची फजिती सांगतो. पहिल्या कार्यक्रमात आम्ही वेसची 'फोर ऑन सिक्स' ही रचना अगदी इमानदारीने वाजवली. सुरुवातीची बासची ओळ तीच, थांबे तेच. पियानिस्टने तर वेसच्या सोलोचे (म्हणजे मधल्या एकट्याच्या उत्स्फूर्त वादनाचे) दोन फेरे कानाने उतरवून घेतले होते, ते तिने स्वर न स्वर वाजवले. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "छान झालं हो. तुमचा गिटारवाला आज आला नाही का?" टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आणि त्यांचं बरोबर होतं. आम्ही तिघंही गिटारला साथ करत होतो, फक्त गिटार नव्हती.

तेव्हा माझं उत्तर असं आहे की 'किती बदलायचं' या प्रश्नाने सुरुवातच करू नका. रचनेतलं रचनेचं काय आणि त्या माणसाच्या हाताचं काय, हे आधी वेगळं करा. हाताचं जे आहे ते उचलता येत नाही. ते तुमच्या वाद्यांवर नव्याने शोधावं लागतं.

वेसचा हात म्हणजे त्याचा अंगठा. इंडियानापोलिसचा माणूस, दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वादन. घरी रियाज करताना शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने पिक, म्हणजे तार छेडायची चकती, टाकून दिलं आणि अंगठ्याने वाजवायला लागला, अशी गोष्ट सांगतात. त्या अंगठ्याच्या मांसामुळे स्वराची कड गोल होते. त्यावर त्याचे ते प्रसिद्ध ऑक्टेव्ह. गिटारवर सप्तकाच्या अंतराने तोच स्वर जोडीने वाजवायचा तर दोन तारा दाबायच्या आणि त्यांच्या मधली तार बोटाच्या पोटाने मुकी करायची. मग अंगठा तिन्ही तारांवरून फिरवायचा. दोन तारा बोलतात, मधली नुसती 'थप्' करते. हा थप् कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. पण वेसचा ऑक्टेव्ह म्हणून आपल्या कानात जे बसलेलं असतं, त्यातला बराचसा भाग तोच असतो.

आता हेच पियानोवर करून बघा. अंगठा आणि करंगळी ठेवली की झाला ऑक्टेव्ह, शिकाऊ पोरंही वाजवतात. आमच्या पियानिस्टने तसं वाजवलं तेव्हा आवाज भरदार झाला खरा, पण सूर एकदम छाती काढून चालायला लागला. वेसचे ऑक्टेव्ह छाती काढत नाहीत, ते शेजारी बसून बोलतात.

यावर आम्ही तीन आठवडे घालवले. शेवटी ठरलं ते असं: वरचा स्वर पियानोवर, एकाच बोटाने. खालचा स्वर माझ्याकडे, बासवर, पट्टीवर बराच वर जाऊन. आणि मधली मुकी तार ड्रमरकडे, म्हणजे स्नेअर ड्रमवर तारांच्या ब्रशचा हलका थप्. तीन माणसं मिळून एक अंगठा! बासवर इतक्या वरच्या जागी तार दाबायला मलाही अंगठाच आडवा ठेवावा लागतो, हा निव्वळ योगायोग, पण मला त्याची मजा वाटली. सुरुवातीला तिघांचा स्वर कधीच एकत्र पडेना. बासची तार बोलायला पियानोपेक्षा किंचित उशीर लावते, म्हणून मी केसभर आधी छेडायचं असं ठरलं. ते बसलं आणि पहिल्यांदा वाटलं की आता गिटारची आठवण येत नाहीये.

दुसरी अडचण अगदी बाळबोध आहे, पण ती लक्षात यायला आम्हाला दोन महिने लागले. गिटारची स्वरलिपी प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहितात. बासचीही तशीच, त्यामुळे मला ते अंगवळणी पडलेलं. पियानिस्ट मात्र चार्टवर, म्हणजे स्वरलिपीच्या कागदावर, दिसेल तिथे वाजवत होती. परिणामी प्रत्येक हेड, म्हणजे रचनेची मुख्य धून, किल्लीच्या खेळण्यासारखं किणकिणायचं. मूळ गिटार प्रत्यक्षात पियानोच्या मध्यावर, माणसाच्या बोलण्याच्या उंचीवर असते. तिने सप्तक खाली आणलं तर हेड तिच्याच डाव्या हाताच्या कॉर्डवर (एकदम वाजवलेल्या स्वरांच्या जुडग्यावर) आपटायला लागलं, आणि खाली मी होतोच. तालमीत ड्रमर वैतागून म्हणाला, "तो डावा हात मांडीवर ठेव की!" तिने ठेवला. 'वेस्ट कोस्ट ब्लूज' आम्ही आजही तसंच सुरू करतो: एका हाताचा पियानो, बास आणि ब्रश. ब्लूज म्हणजे ठरावीक कॉर्डचा साचा, बहुतेक वेळा चार मात्रांत चालणारा; ही रचना मात्र तीन-तीनच्या झोक्यात चालते, आणि त्या झोक्याला वर मोकळी हवा लागते. डावा हात पहिल्या सोलोनंतर आत येतो, आणि आला की खोलीत कुणीतरी दिवा लावल्यासारखं वाटतं.

कॉर्डबद्दलही एक सांगून ठेवतो, तुमच्या पियानिस्टला उपयोगी पडेल. गिटारवर चार स्वर एकमेकांना चिकटून दाबणं बोटांना जड जातं. म्हणून गिटारवादक वरून दुसरा स्वर सप्तकभर खाली टाकून कॉर्ड पसरवतात. पियानोवर अशी काही सक्ती नाही, त्यामुळे हात आपोआप दाट कॉर्डकडे जातो. तो मुद्दाम गिटारसारखा पसरू द्या. एवढ्या एका बदलाने अर्धं काम होतं.

आता सोलो. वेसची एक सवय सर्वांना माहीत आहे. सोलो एकेरी ओळीने सुरू करायचा, मग ऑक्टेव्हवर जायचं, मग भरल्या कॉर्डवर. जिना चढल्यासारखं. आम्ही आधी तोच जिना चढत होतो आणि दर वेळी तिसऱ्या पायरीवर फुस्स व्हायचं, कारण पियानोवर भरल्या कॉर्ड वाजवण्यात कसलाच पराक्रम नाही. गिटारवर प्रत्येक पायरी आधीचीपेक्षा कठीण आहे, म्हणून ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. मग आम्ही जिना उलटा केला. सोलो भरगच्च कॉर्डनी सुरू होतो, मग आमचा तिघांचा तो ऑक्टेव्ह, आणि शेवटी पियानोची एकच उघडी ओळ, खाली बास नाही, ड्रम्स नाहीत. पियानोवर तीच सर्वांत कठीण जागा आहे, लपायला काही उरत नाही. हा बदल पाहून एका गिटारवाल्या मित्राने मला चांगलंच सुनावलं, की हा अनादर आहे. मला तो आदरच वाटतो, पण यावर आमचं अजून जमलेलं नाही.

चार्टवर फार विश्वास ठेवू नका. वेसला स्वरलिपी वाचता येत नव्हती. आधीच्या पिढीतला गिटारवादक चार्ली क्रिश्चन, त्याचे सोलो त्याने कानाने उतरवून पाठ केले आणि तिथून तो उभा राहिला. तेव्हा पुस्तकात छापलेलं 'फोर ऑन सिक्स' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ऐकून लिहिलेलं. खरं मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि तेही एक नाही. जानेवारी १९६० मध्ये टॉमी फ्लॅनगनच्या पियानोबरोबर एक, आणि १९६५ मध्ये विंटन केलीच्या ट्रिओबरोबर दुसरं. साथीदार वेगळे, सोलो वेगळा. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. ज्या गोष्टी दोन्हींत टिकल्यात त्या रचनेच्या: बासची ती ओळ, सोळा बारांचा (मात्रांच्या गटांचा) सांगाडा, पाचव्या बारपासून भराभर सरकणाऱ्या कॉर्डच्या जोड्या. बाकी त्या त्या दिवसाचं. स्वतः वेस ज्याला धरून बसला नाही त्याला तुम्ही कशाला धरून बसता? आणि गंमत म्हणजे ही रचनाही मुळात संगीतकार गर्श्विनच्या 'समरटाइम' या गाण्याच्या कॉर्डवर उभी आहे. म्हणजे नव्याने मांडण्याचं काम वेसने आपल्या आधीच करून ठेवलंय.

आपल्याकडे लगेच बंदिशीची उपमा देतात, मीही देत असे. एकच बंदिश दहा गवय्यांनी गायली तरी कुणी नक्कल म्हणत नाही, वगैरे. उपमा अर्धीच लागू पडते. बंदिश मुळातच गळ्यागळ्यातून फिरायला बांधलेली असते. वेसच्या काही रचना त्याच्या गिटारवरून खाली उतरायलाच तयार नसतात. 'डी नॅचरल ब्लूज' आम्ही चार तालमींनंतर सोडून दिलं. कागदावर तो साधासुधा ब्लूज आहे, जे काही आहे ते त्या अंगठ्यात आहे. अंगठा काढला की खाली कोणाचाही ब्लूज उरतो. अशा रचना गाळायला लाजू नका. आम्ही अकरा निवडल्या होत्या, त्यातल्या सहा राहिल्या.

आणखी एक वाट आहे, ती तुमच्या प्रश्नात नाही, पण मनात असू द्या. गिटारवादक जँगो राइनहार्ट १९५३ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी मॉडर्न जॅझ क्वार्टेटने आपला पियानिस्ट जॉन लुईस याची 'जँगो' ही रचना रेकॉर्ड केली. त्या चौघांत गिटार नाही आणि ती रचनाही जँगोची नाही. तरी माणूस त्यात आहे. आम्ही कार्यक्रमात अशी एक छोटी रचना आमची घातली आहे. ती फार चांगली आहे असं मी म्हणणार नाही, पण सहा रचनांच्या मध्ये ती आली की ऐकणाऱ्यांचा कान ताजा होतो.

रेकॉर्ड काढणार असाल तर रचनांच्या हक्कांचं आधी बघा. कार्यक्रमात वाजवणं आणि रेकॉर्डिंग विकणं या दोन गोष्टींची परवानगी वेगवेगळी असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की मंचावर त्या गिटारवादकाची ओळख किती करून द्यावी. आम्ही आधी पाच-सात मिनिटं बोलायचो. जन्म १९२३, मृत्यू १९६८, वय अवघं पंचेचाळीस, सगळं. आता आधी काहीच बोलत नाही. रचना वाजवून झाली की मग तिचं आणि वेसचं नाव सांगतो. आधी सांगितलं की लोक गिटार शोधत बसतात.