ऑगस्ट 2025 मध्ये आरा मशीनवर भावाची एका हाताची तीन बोटं गेली. त्याचं वय 35, पगार 12,000. मालक चाळीस हजार देऊन सही मागतोय. काय करावं?

सही करू नका, भावालाही करू देऊ नका. पैसे देत असेल तर घ्या, पण पावतीवर 'उपचारासाठी मिळाले' एवढंच लिहा. 'यापुढे माझी काही मागणी नाही' असली ओळ दिसली की कागद परत करायचा. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात रद्दच धरला जातो, पण तो दाखवून माणसाला गप्प बसवता येतं, म्हणून मालकाला तो हवा असतो.

माझे वडील सांगलीकडे एका वखारीत ओंडके चिरायचे. त्यांची दोन बोटं गेली तेव्हा दवाखान्यात मालकाच्या माणसाने सांगितलं, 'घरी दारात सापडली.' वडील अर्धवट शुद्धीत, आई बाहेर रडतेय. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं आणि त्या एका ओळीपायी पुढे सगळं अडलं. म्हणून आधी भावाचा केसपेपर काढून वाचा. चुकीचं असेल तर भावाचा जबाब लेखी द्या, पोहोच घ्या.

आता रक्कम. अपघात ऑगस्ट 2025 मधला आहे, म्हणजे तेव्हा लागू असलेला 1923 चा कर्मचारी भरपाई कायदाच लागू होतो. तुम्ही वय 35 आणि पगार 12,000 लिहिलाय. पगाराचे 60 टक्के 7,200. त्याला 35 वयाचा गुणांक 197.06 ने गुणायचं आणि एका हाताच्या तीन बोटांना कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के आहेत, तेवढा भाग घ्यायचा. सव्वाचार लाखांच्या वर जातं. दवाखान्याचा खर्च वेगळा. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज चढतं. आणि मालक चाळीस हजार म्हणतोय! दावा कामगार न्यायालयात, दोन वर्षांच्या आत. दहा किंवा जास्त कामगार असतील तर मात्र ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) कार्यालयात जा, मग पैसे तिथून मिळतात.

मालक दोन गोष्टी नक्की म्हणेल. पहिली, 'हा माझा कामगार नव्हताच.' पगाराचे फोनपेचे मेसेज, मिलमधले फोटो, सोबतच्या माणसांचे जबाब आत्ताच गोळा करा, कारण नंतर मालकाच्या धाकाने कोणी बोलत नाही. आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, तेव्हा मालक कोण हे तिथल्या कागदावर मिळतं.

दुसरी, 'गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) त्यानेच काढलं.' हे जपून हाताळा. मुद्दाम सुरक्षासाधन काढल्याचं सिद्ध झालं तर बोटांच्या दाव्यात मालक सुटू शकतो. पण गोल करवतीवरचं गार्ड बहुतेक ठिकाणी मिस्त्रीच काढून ठेवतो, जाड ठोकळा बसत नाही म्हणून. लाकूड चिरत असताना मागची चीर मिटते, पातं आवळलं जातं आणि फळी उसळून माणसाच्या अंगावर येते. हात त्या झटक्यात पात्यावर जातो. हे थांबवायला पात्यामागे चिरेत राहणारी पोलादी पट्टी असते, तीही कित्येक मिलमध्ये नसते. मशीनचा फोटो मिळतोय का बघा, मालक ते नीट करून ठेवायच्या आत.

वाचणाऱ्या इतरांसाठी: तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका, ते गोठून खराब होतं. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट लवकर पोचलं तर जोडता येण्याची आशा असते.

भावाबद्दल शेवटचं. नसलेलं बोट दुखतंय म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नका, ते दुखणं खरं असतं, डॉक्टरांना सांगा. थंडीत हात ठणकेल. उरलेली बोटं आखडायच्या आत फिजिओथेरपी सुरू करा, रोज. वडिलांचा हात घरच्यांनी मायेपोटी गळ्यात बांधून ठेवला होता आणि चांगली बोटंसुद्धा वाकेनाशी झाली. भावाला ताट स्वतःच उचलू द्या. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्रही याच महिन्यात काढून घ्या.