भाजल्यावर सलाईन कशासाठी?

प्रश्न : माझ्या अडीच वर्षांच्या भाच्याने ओट्यावरचे चहाचे पातेले ओढले आणि त्याची छाती व उजवा हात पोळला. घरातल्या मोठ्यांनी लगेच टूथपेस्ट लावली. रुग्णालयात डॉक्टरांनी मलमपट्टीच्याही आधी सलाईन लावले. गेल्या उन्हाळ्यात जुलाबांमुळे त्याला शोष पडला होता, तेव्हाचे सलाईन समजले. भाजल्यावर ते का? आणि शोष घरी कसा ओळखावा? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : ताई, जुलाबांत शरीरातले पाणी बाहेर जाताना दिसते, तर भाजल्यावर ते आतल्या आत पाझरते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. उष्णतेने सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातले पाणी, क्षार व प्रथिने आसपासच्या भागात उतरतात. आपल्याला दिसणारी सूज आणि फोड हे तेच पाणी असते. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. नुसती लाली न मोजता मुलांमध्ये 10 टक्क्यांहून अधिक भाग भाजला असेल, तर शिरेतून द्रव द्यावाच लागतो. वजनाच्या दर किलोमागे आणि भाजलेल्या दर टक्क्यामागे साधारण 3 ते 4 मिली असा हिशेब असतो. 12 किलोचे मूल 12 टक्के भाजले, तर रोजच्या गरजेखेरीज 24 तासांत सुमारे 430 ते 575 मिली द्रव लागतो. त्यातला निम्मा पहिल्या 8 तासांत द्यायचा असतो, आणि हे तास भाजल्याच्या क्षणापासून मोजतात. म्हणून पातेले किती वाजता सांडले, ते डॉक्टरांना नक्की सांगावे.

टूथपेस्टबद्दल थोडे कळकळीने लिहितो. वाळून घट्ट झालेली टूथपेस्ट ओल्या गॉजने पुसून काढताना मुले ज्या आकांताने रडतात, तो आवाज ऐकलेला माणूस ती पुन्हा कोणाला लावू देणार नाही. ती काढल्याशिवाय जखम किती खोल आहे हेही कळत नाही. हळद, तूप, शाई आणि बर्फ यांनाही माझी तितकीच हरकत आहे. नळाचे साधे वाहते पाणी पूर्ण 20 मिनिटे भाजलेल्या भागावर सोडावे; भाजल्यापासून 3 तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. त्या वेळी बाकीचे अंग मात्र पांघरुणाने उबदार ठेवावे, कारण लहान मूल चटकन गारठते. बांगडी, कडे, करदोटा सूज येण्याआधी काढावा, चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत आणि वर धुतलेले सुती कापड सैलसर टाकून निघावे. चेहरा, हात किंवा जननेंद्रिय भाजले असेल, अथवा विजेचा झटका बसला असेल, तर जखम लहान दिसली तरी 108 ला फोन करावा.

आता शोषाविषयी. मूल आधी चिडचिडे होते आणि पाणी दिसताच हपापल्यासारखे पिते. डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी कमी व गडद होते. पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडावी. निरोगी मुलात ती तत्काळ सपाट होते. दोन सेकंदांहून अधिक वेळ घडी तशीच राहिली, मूल सुस्तावले किंवा पिणेच बंद झाले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. अशा गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

एरवी मूल पीत असेल तोवर जलसंजीवनीसारखे औषध नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. मोठे पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवावे; पेलाभर पाण्यात अंदाजाने घातलेली पूड मुलाला अपाय करते. दोन वर्षांवरील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 100 ते 200 मिली द्यावे. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे, आणि 24 तासांनी उरलेले पाणी टाकून नवे करावे.